सम महिन्यांचे अंक

ट्रंक माळ्यावरून खाली ओढली तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ती उतरवायची म्हणजे मी आधी कमरेला पट्टा बांधतो. त्या दिवशी ती रिकाम्या पिंपासारखी सरळ हातात आली. झाकण उघडलं तर तळाला कापराच्या वड्या आणि कडुलिंबाचा वाळका पाला. बाकी काही नाही.

सकाळीच मित्राचा फोन येऊन गेला होता. ‘घराची चावी मिळाली रे. रविवारी येतो माझे अंक न्यायला.’ मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, ‘ये की. जसे ठेवून गेलास तसेच आहेत.’ आणि ते झटकून पुसून ठेवावेत म्हणूनच ट्रंक काढली होती.

त्या ट्रंकेत काय होतं हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. दागिने नव्हते, खोलीचे कागदपत्रही नव्हते. इंग्लंडात छापलेली जुनी मासिकं होती. बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक टेबलावर मांडून, फासे टाकून लढाया कशा खेळायच्या, एवढाच त्यांचा विषय. नकाशे, बाण, नियम, आणि हिरव्या कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्यांचे काळेपांढरे फोटो. पन्नाशी उलटलेला, शाळेत भूगोल शिकवणारा माणूस हे जपून ठेवतो म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी सैल आहे, असं आमच्या स्टाफरूमचं मत आहे. माझं लग्न राहून गेलं त्यालाही आई या मासिकांनाच जबाबदार धरते. घरात आम्ही दोघंच, ती आणि मी, त्यामुळे हा आरोप मला वारंवार ऐकावा लागतो.

नायगावच्या बीडीडी चाळीत ही मासिकं आली ती दारूखान्यातून. कॉटन ग्रीनच्या पलीकडे, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथून. जहाज तुटलं की त्याचे दरवाजे, बशा, गाद्या असं सगळं बाहेरच्या दुकानांत विकायला येतं, आणि खलाशांनी वाचून टाकलेली पुस्तकंसुद्धा. मित्राचे वडील गोदीत कामाला होते. आम्ही आठवी-नववीत असताना ते आम्हा दोघांना तिकडे घेऊन गेले आणि एका दुकानात लोखंडी बादलीत कोंबलेली ही मासिकं दिसली. त्यांना डिझेलचा वास यायचा. ट्रंक उघडली की मी आधी नाक खुपसायचो, मग डोळे. कुठल्यातरी खलाशाने समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, त्याला हवी ती पलटण, हवी ती तोफ. काही जाहिरातींखालचं कूपन कापून घेतलेलं असायचं. तो माणूस कोण, त्याने ती पलटण खरंच मागवली की बंदराला लागेपर्यंत विसरला, यावर आम्ही अख्ख्या सुट्ट्या भांडून काढल्या आहेत.

पहिल्याच अंकात लिहिलं होतं, आपलं नेहमीचं जेवणाचं टेबल घ्या. चाळीत जेवणाचं टेबल कुणाच्या बापाकडे नव्हतं. आम्ही कॅरमबोर्ड घेतला. सैनिक म्हणजे चिंचोके. त्याचे सालासकट, काळे. माझे भाजून सोललेले, पांढरे. घोडदळाला बुद्धिबळातले घोडे कमी पडले की शर्टाची बटणं. नदी म्हणून आईची निळी रिबीन, आणि थंडीतली लढाई असेल तर बोरिक पावडरचं बर्फ. बोर्ड पॅसेजमध्ये मांडायचा आणि संडासला जाणाऱ्यांनी तो ओलांडून जायचं. एकदा शेजारच्या आजोबांचा पाय पडून माझी अख्खी डावी फळी गारद झाली. मित्र म्हणाला, ‘भूकंप नियमात नाही, पण झाला तर झाला.’ मी त्याच्याशी किती दिवस बोललो नाही ते त्यालाच विचारा.

वाटणीही त्याच भांडकुदळपणातून झाली. मोठ्या मोहिमा त्या मासिकात क्रमशः यायच्या. अर्धी या महिन्यात, उरलेली पुढच्या. म्हणून आम्ही ठरवलं, विषम महिन्यांचे अंक माझे, सम महिन्यांचे त्याचे. जानेवारी माझा, फेब्रुवारी त्याचा. एकाला रुसून एकट्याने खेळताच येऊ नये, हा त्यातला डाव होता.

पुढे त्याचे वडील रिटायर झाले, बहिणीचं लग्न निघालं, आणि त्यांनी खोली देऊन टाकून नालासोपाऱ्याला भाड्याने घर घेतलं. जायच्या दिवशी त्याने त्याचा गठ्ठा वडिलांच्या जुन्या लुंगीत बांधून माझ्याकडे दिला. ‘तिकडे भिंतींना ओल आहे. स्वतःचं घर झालं की नेईन.’ कॅरमबोर्डवर एक लढाई अर्धवट पडली होती आणि चाल माझी होती. मी म्हणालो, ‘विचार करून सांगतो.’ दुसऱ्या दिवशी आईने चिंचोके गोळा करून बरणीत भरले.

स्वतःचं घर व्हायला त्याला आम्हा दोघांचे केस पांढरे होईपर्यंत वेळ लागला. भाड्याच्या एका घरातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. मधल्या काळात मी जमवत राहिलो. दारूखान्याची दुकानं, गिरगावातले रद्दीवाले, दादरला पुलाखाली पुस्तकं मांडून बसणारे, सगळ्यांना माझा चेहरा पाठ झाला होता. सम महिन्याचा अंक मिळाला की तो मी लुंगीतल्या गठ्ठ्यात सरकवायचो. त्याला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात, वाटणी म्हणजे वाटणी.

म्हणून त्या दिवशी माझं डोकं फिरलं. नुसते माझे गेले असते तर मी चरफडलो असतो आणि गप्प बसलो असतो. पण दुसऱ्याची ठेव गेली होती, आणि तो रविवारी येणार होता.

आई खाली बसून सुकट निवडत होती. मी विचारलं, ‘आई, ट्रंकेतलं कुठे गेलं?’

‘मंडळाक दिलंय,’ ती मान वर न करता म्हणाली.

आमची चाळ पाडायची आहे. गणपती झाले की खोल्या रिकाम्या करायच्या, तात्पुरत्या घरात जायचं आणि टॉवरची वाट बघायची. म्हणजे हा या चाळीतला शेवटचा गणपती. म्हणून मंडळाने ठरवलं की यंदाची मूर्ती कागदाची, आणि कागद चाळीतल्या प्रत्येक खोलीचा. कुणालाही वगळायचं नाही. कार्यकर्ते पोती घेऊन दारोदार फिरले. लोकांनी जुने पेपर दिले, कॅलेंडरं, लग्नपत्रिका, लाइटची बिलं दिली. आमच्या दाराशी मीही पेपरचा गठ्ठा काढून ठेवला होता.

‘अगं, मी पेपर काढून ठेवले होते ना?’

‘देवाक रद्दी दितत काय?’ आईने आता वर बघितलं. ‘घरात बरो कागद तोच होतो. तू हात धुऊन त्येका हात लावतंस, कापूर घालतंस, उन्हाक ठेवतंस. मी काय बघूक नाय? म्हटलं, ह्यो कागद देवाक शोभात.’

माझ्या जपणुकीनेच घात केला होता. सगळ्या चाळीने देवाला नको असलेलं दिलं आणि आमच्या आईने घरातलं सगळ्यात चांगलं काढून दिलं. चूक तरी कशाला म्हणायचं? राग मात्र असा आला की चपलेत अंगठा जाईना.

मूर्तीचा कारखाना परळला, लालबागच्या बाजूला. एरवी मी तिथे चालत जातो. त्या दिवशी टॅक्सी केली आणि ती पुलाखाली अडकली. मंडळाचा सेक्रेटरी लहानपणी माझ्याच वर्गातला. त्याला फोन लावत राहिलो. शेवटी त्याने उचलला. ‘बोल मास्तर. कागद? अरे, सकाळपासून फाडायला घेतलाय. इथेच आहे मी.’ टॅक्सीचं भाडं देऊन मी उतरलो आणि पळत सुटलो. या वयात, या कमरेने.

ताडपत्रीच्या मंडपात मोठमोठे फॅन गरगरत होते, कारण दमट हवेत कागद वाळत नाही. मध्यभागी मूर्तीचा साचा दोन भागांत उताणा पडला होता. त्याच्या आतल्या बाजूला खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवत होते. एका बाजूला दोन बायका बसून पट्ट्या फाडत होत्या. त्यातल्या एकीच्या मांडीवर माझा मार्च होता. नदी ओलांडायच्या लढाईचा नकाशा असलेला. तिने पान सरळ धरलं आणि नदीच्या बरोब्बर मधून फाडलं.

‘जरा थांबा बाई,’ मी म्हणालो.

माझे अंक सुटे, प्लास्टिकच्या पिशव्यांतले, म्हणून त्यांनी आधी तेच घेतले होते. काही टपात भिजत होते, निम्मेअधिक जमिनीवर अजून शाबूत होते. लुंगीतला गठ्ठा कोपऱ्यात होता, गाठ न सोडलेला. तो बघितला आणि माझ्या जिवात जीव आला.

सेक्रेटरी चहाचा ग्लास घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं, एक माझा, एक त्याचा, तो रविवारी येणार. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘मास्तर, देवाच्या नावाने आलेला कागद परत न्यायचा? आज तू नेशील, उद्या दुसरा येईल, माझी लग्नपत्रिका द्या म्हणेल.’

‘अर्धा माझा नाहीच आहे रे.’

‘बरोबर. पण तुमच्या खोलीचा कागद मूर्तीत पाहिजे की नको? मीटिंगला तू पण हात वर केला होतास. असं कर, एक गठ्ठा ने. एक राहू दे. कुठला ते तू ठरव.’

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पट्ट्या फाडणाऱ्या बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मागून कुणीतरी ‘लवकर करा, खळ सुकतेय’ म्हणालं. माझा हात आधी माझ्याच अंकांकडे गेला, खोटं कशाला बोलू? जमिनीवरचा जानेवारी मी उचललासुद्धा. किल्ल्याच्या वेढ्याचा पहिला भाग. आम्ही दोघांनी मिळून वाचलेलं पहिलं पान, ज्यातले निम्मे शब्द आम्हाला कळले नव्हते. तो मी परत खाली ठेवला आणि लुंगीची गाठ धरली.

‘मग हे फाडू ना?’ बाईने विचारलं.

‘फाडा,’ मी म्हणालो.

निघताना मूर्तिकाराने माझ्या हातात कव्हरांची चळत दिली. ‘हे चकचकीत कागद भिजत नाहीत, घेऊन जा.’ तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ते काखेत मारून आणि गठ्ठा खांद्यावर टाकून मी नायगावला चालत आलो.

आईने दारातच अडवलं. ‘देवाक दिलेला परत हाडलंस?’

‘माझं नाही गं ते. त्याचं आहे. त्याने ठेवायला दिलं होतं.’

तिचा चेहरा उतरला. ‘त्येचा? मग इतक्या वर्सांत माका सांगूक काय झाला होता तुका?’ पण गठ्ठा तिने घरात घेऊ दिला नाही. त्याचं असलं तरी एकदा देवाच्या नावाने उंबऱ्याबाहेर गेलेलं परत आत नको. तिने देवापुढे दिवा लावला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. गठ्ठा पॅसेजमध्ये, आमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर बसला. मी शाळेतून आलो की दार उघडं ठेवून त्याच्यावर एक डोळा ठेवून बसायचो. चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. येणारेजाणारे गठ्ठ्याकडे बघून माझ्याकडे बघायचे. ‘मास्तरांनी बाप्पाचा पेपर काढून घेतला, म्हणे वेळ संपली,’ असं तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मला हसू येत नव्हतं. ज्या चाळीत जन्म गेला, तिथून निघताना हे नाव घेऊन निघणार होतो. एकच समाधान होतं की त्याला तोंड दाखवता येईल.

रविवारी तो आला. एसी दुरुस्तीचं काम करून करून खांदे वाकलेले, हातात चेनवाली नवी मोठी बॅग. आईच्या पाया पडला. मग पॅसेजमध्येच उकिडवा बसून त्याने गाठ सोडली.

‘हे एवढे नव्हते,’ तो म्हणाला.

‘सम महिने तुझेच.’

त्याने एक अंक उचलला, उघडला आणि नाक खुपसलं. मग खुशीत येऊन म्हणाला, ‘आता तुझा जानेवारी काढ. किल्ला बघू. सुरुवात तुझ्यात आहे, माझ्यात नुसता शेवट.’

मी आत जाऊन कव्हरांची चळत आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. आणि सांगितलं. आईने काय केलं, मी कारखान्यात काय केलं, सगळं. तो कव्हरं एकेक करून बघत होता. मला वाटलं आता शिव्या घालेल, किंवा वाईट वाटून घेईल, किंवा आभार मानेल, आणि तिन्ही मला नको होतं.

त्याने आईला विचारलं, ‘मावशी, आमच्या खोलीचा कागद कुणी दिला?’

‘आता ऱ्हवतत त्येंनी दिल्यानी.’

‘म्हणजे आमचा नाही गेला.’ त्याने लुंगीची गाठ परत बांधली. ‘चल रे. परळला.’

मला समजायला क्षणभर लागला आणि मग माझं टाळकं सटकलं. ‘वेडा झालास काय? चारचौघांत नाक कापून घेतलंय मी ह्याच्यासाठी. माझे अर्धे वाचत होते, ते सोडले. आई माझ्याशी बोलत नाहीये. आणि तू आता ते परत देणार?’

‘मग मी एकटा घेऊन काय करू? अर्धी लढाई घेऊन घरी जाऊ?’ तो शांतपणे म्हणाला. ‘एकट्याला खेळता येऊ नये, हे आपणच ठरवलं होतं. आणि मी ह्याच चाळीत जन्मलोय ना रे? माझा कागद नको त्यात?’

त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही. पण वस्तू त्याची होती. मी सांभाळली म्हणून ती माझी होत नव्हती, आणि हेच मला कडू लागत होतं. आईने दारात येऊन माझी चप्पल पायाशी सरकवली. किती दिवसांनी तिने माझ्यासाठी काहीतरी केलं.

कारखान्यात गेलो तर मूर्ती उभी होती. साच्याचे दोन्ही भाग जोडून झाले होते, वरून पांढऱ्या रंगाचा हात फिरत होता. मूर्तिकार म्हणाला, ‘आता कागद नको. बाप्पा बंद झाला.’ मित्र गठ्ठा छातीशी धरून उभा राहिला. त्याच्याकडे मला बघवेना. इतका हट्टी माणूस, पण एकदम प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यासारखा दिसायला लागला. मीच पुढे झालो आणि विचारलं, काहीच नाही का राहिलं, हात, पाट, काहीतरी?

‘उंदीर राहिलाय,’ मूर्तिकार म्हणाला.

मित्राने माझ्याकडे बघितलं. ‘साल्या, इथे पण तू राजा आणि मी उंदीर.’

मग आम्ही जे हसलो ते थांबेचना. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. आम्हाला दोन पिंपं उलटी करून बसायला दिली. आम्हीच पट्ट्या फाडल्या. त्याने एकही पान वाचलं नाही, सराईतासारखा फाडत गेला. मी प्रत्येक पान वाचत होतो आणि त्याच्या शिव्या खात होतो. एका पानावर खलाशाच्या पेन्सिलीची खूण होती. ती पट्टी त्याने माझ्या हातून घेतली आणि मूर्तिकाराला म्हणाला, ‘ही उंदराच्या कानात लावा.’

चतुर्थीला मूर्ती आली. शेवटचा गणपती म्हणून जुने लोक कुठून कुठून आले होते, विरारहून, बदलापूरहून. जो तो आपला कागद कुठे आहे ते सांगत होता. कुणाचा सोंडेत, कुणाचा मुकुटात. आमचा कपाळात आहे, असं आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, आणि मूर्तिकाराने तिला तसं सांगितलेलं नव्हतं. मित्र बायकोमुलांना घेऊन आला. आरती झाल्यावर लोक रांगेने उंदराच्या कानात आपलं मागणं सांगत होते, दुसऱ्या कानावर हात ठेवून, म्हणजे ते तिकडून निघून जाऊ नये. तोही वाकला, हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. माझ्याकडे न बघता बाहेर आला.

मागणं सांगायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी मी जिन्यात गाठून विचारलं. मुलांच्या नोकरीचं असेल, नव्या घराच्या हप्त्यांचं असेल, असं मला वाटलं होतं.

‘मागितलं काही नाही,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, मास्तरला सांग, चाल त्याची आहे.’

संध्याकाळी मी आईला चिंचोक्यांची बरणी कुठे आहे ते विचारलं.